सालसेदोच्या कुप्या

धाकटी बहीण ओलिंपिया येणार म्हणून नेरेइदाने सगळ्या कुप्या पुसल्या, पण धुतल्या मात्र नाहीत. सालसेदोची कुपी धुवायची नसते, हा तिचा नियम. कुणी त्या कुपीत रॉकेल भरून ठेवलेलं असो, कुणी ब्रेकचं तेल. ती बाहेरून फडक्याने साफ करायची आणि आतून जशी आली तशीच ठेवायची. "आत कुठेतरी कोपऱ्यात बाबा असतील," असं ती एकदा मुलीला म्हणाली होती, आणि मिर्ताने डोळे फिरवले होते.

कपाट जेवणघरात होतं. पूर्वी त्यात तिच्या आईच्या, आंपारोच्या, लग्नातली चिनी मातीची भांडी असत. ती एकेक करून अंड्यांपायी, कॉफीपायी विबोरा वस्तीतल्या घरोघरी गेली आणि त्यांच्या जागी कुप्या आल्या. पंख्याच्या आकाराच्या, ताडाच्या खोडासारख्या, कबुतराच्या आकाराचं बूच असलेल्या, तान्ह्या पोरांच्या टाळूला लावायच्या व्हायोलेटच्या पाण्याच्या चपट्या. प्रत्येकीच्या तळाला शिंपल्याची उठावदार खूण. नेरेइदा डोळे मिटून अंगठ्याने ती चाचपायची आणि सांगायची, ही आपली, ही आपली नाही.

हे सुरू झालं होतं बाबांसाठी. क्रांतीनंतर त्यांचा अत्तराचा कारखाना सरकारजमा झाला त्या दिवशी फेर्मीन सालसेदो कोट हातावर टाकून घरी आले आणि त्यांच्या लक्षात आलं की घरात आपली एकसुद्धा कुपी नाही. हलवायाच्या घरी पेढे कोण जपून ठेवतं? पुढच्या वर्षी बायको धाकटीला घेऊन देश सोडून मायामीला गेली. "दोन-चार महिन्यांत सगळं निवळेल," असं म्हणून गेली. बाबा म्हणाले, "मी इथेच थांबतो, तू येशीलच." ती तिकडे म्हणाली, "मी इथेच थांबते, तो येईलच." दोघंही शब्दाची पक्की. ते वारले तेव्हाही ती तिकडेच थांबलेली होती.

त्या थांबण्याच्या वर्षांत नेरेइदाने न्हाव्याच्या दुकानातून पहिली कुपी आणली. बाबांनी ती हातात घेतली, बूच काढून नाकाशी नेली, आणि न्हाव्याच्या स्पिरिटचा भपकारा येऊनही हसले. मग तिला ते व्यसनच लागलं. लोक तिला कुपीवाली म्हणू लागले. बाबा गेले, तरी ते सुटलं नाही.

आता एकोणऐंशी साल उजाडलं होतं, आणि क्रांतीनंतर देशाबाहेर गेलेल्यांना आठवडाभर घरी यायची परवानगी मिळाली होती.

"काल ज्यांना अळ्या म्हणून हाकललं, त्यांची आज फुलपाखरं झाली," इलारिओ काका ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीतून म्हणाला. तो फेर्मीनचा धाकटा भाऊ, ऐंशीला टेकलेला, तोंडात कायम न पेटवलेला चिरूट. "डॉलरचे पंख लावून येतायत बघ."

"काका, हळू बोला," नेरेइदाचा नवरा रेम्बेर्तो म्हणाला. तो बंदराच्या कचेरीत होता आणि पक्षाच्या सभांना नेमाने जायचा. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण चेहरा असा केला होता की शर्ट बायकोने घालायला लावलाय हे सगळ्यांना दिसावं.

टॅक्सी थांबली तेव्हा अर्धी गल्ली आपापल्या ओसरीवर उभी होती. ओलिंपिया उतरली. नेरेइदाच्या डोळ्यांपुढे सतरा वर्षांची, गुडघ्यावर खरचटलेली पोर होती. उतरली ती पस्तिशीची, केस सोनेरी केलेली, रुंद खांद्यांची बाई. फक्त चालणं तेच होतं, डावा पाय जरासा बाहेर टाकत.

"नेरी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तिचा चेहराच विस्कटला.

दोघी एकमेकींना धरून फाटकात किती तरी वेळ उभ्या राहिल्या. शेवटी काका ओरडला, "अगं, आत या! गल्लीला फुकट सिनेमा कशाला?"

पेटी उघडली तेव्हा मिर्ताने मावशीला सोडलंच नाही. जीन्स निघाल्या, साबण, रेम्बेर्तोसाठी दाढीची पाती, काकासाठी चष्मा. रेम्बेर्तोने पाती घेतली नाहीत आणि परतही केली नाहीत. टेबलावर आपल्यापासून वीतभर अंतरावर राहू दिली. सगळ्यात खालून ओलिंपियाने कागदात गुंडाळलेला एक निळा झगा काढला.

"हा आईने दिलाय."

नेरेइदाने तो अंगाला लावून पाहिला. कमरेत बसणं शक्यच नव्हतं.

"बासष्टचा आहे," ओलिंपिया म्हणाली. "दुकानात गेली की ती प्रत्येक गोष्ट दोन घेते. एक मला, एक तुला. तुझं एक अख्खं कपाट आहे तिकडे. सगळं तू बत्तीस वर्षांची होतीस त्या मापाचं. मी म्हटलं, आई, ती आता जाडली असेल. तर म्हणते, माझी नेरी जाडणाऱ्यातली नाही."

मिर्ता हसली. काकाही हसला. नेरेइदाने झग्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली, आणि म्हणाली, "जेवायला वाढते."

---

जेवणात काळा राजमा, भात, तळलेली केळी आणि डुकराच्या मांसाचा एक तुकडा होता. त्या तुकड्यासाठी रेम्बेर्तो दोन रविवार एका खेडुताकडे खेटे घालत होता, पण त्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. ओलिंपिया सारखी पाठीमागे वळून कपाटाकडे बघत होती.

"ह्या सगळ्या तू शोधल्यास?"

"नाही, आपसूक चालत आल्या," नेरेइदा म्हणाली.

"तुझी आई कचऱ्याच्या गाडीमागे धावलेली आहे," रेम्बेर्तो मिर्ताला म्हणाला. "माझ्या कचेरीतल्या माणसांसमोर."

"आणि ती कुपी मिळाली की नाही?" नेरेइदाने विचारलं.

"मिळाली."

"मग?"

ओलिंपिया उठून कपाटापाशी गेली. वरच्या फळीवर, मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात एक बुटकी कुपी होती, मधाच्या रंगाची. बुचाभोवती रेशमी दोरा तसाच बांधलेला आणि आत दोन बोटं उंचीचं अत्तर. बाकी सगळ्या रिकाम्या, ही एकटी भरलेली.

"सिएस्ता," ओलिंपिया हळूच म्हणाली.

फेर्मीनने ते 'दुपारची डुलकी' अशा नावाचं अत्तर लग्नाआधी आंपारोसाठी केलं होतं. पुढे बाजारात आणलं तेही वर्षाला मोजकंच. आंपारोने आयुष्यात दुसरं काही लावलं नाही. ही कुपी नेरेइदाला एका दंतवैद्याच्या विधवेकडे मिळाली होती. कुणी तरी भेट दिलेली, कधीच न उघडलेली. बाबा जायच्या आदल्या वर्षी तिने ती त्यांच्या हातात ठेवली होती. "उघडू?" तिने विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "आत्ता नको. तिच्यासमोर उघडू."

"नेरी, एक मागायचं होतं," ओलिंपिया कपाटाकडे तोंड करूनच म्हणाली. "खरं तर त्यासाठीच आले. म्हणजे तुझ्यासाठी आले, पण… आई पडल्यापासून उठलेली नाही. डॉक्टर तिला विमानात बसू देत नाहीत. तू कुप्या गोळा करतेस हे तिला कुणाकडून तरी कळलं. ती म्हणाली, नेरीकडे सिएस्ता असेल. असेलच, म्हणाली. तेवढी घेऊन ये."

काकाचा दात नसलेला जबडा केळं चघळत राहिला.

"नाही," नेरेइदा म्हणाली.

"आई!" मिर्ता म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. जीन्स मिळाली ना, ती घाल जा."

"नेरी, ती अंथरुणाला खिळलीय."

"बाबाही खिळले होते. तेव्हा ती काय मागत होती? बाबा ही कुपी उशाशी घेऊन पडले होते, ओलिंपिया. तिच्यासमोर उघडू म्हणाले. रोज सकाळी दोरा बघायचे, मी चुकून उघडली तर नाही ना म्हणून. ती आली नाही, आणि आता म्हणते कुपी पाठव! डाकेने पाठवू की काय?"

"तिला येता आलं असतं असं वाटतं तुला?"

"तिला जाता आलं होतं."

"मी सतरा वर्षांची होते! मला एकटीला पाठवायची होती?"

"मी नाही म्हटलं का? तिने निवड केली. तुला घेतलं. इथे आम्ही दोघं राहिलो, बाबांचं आम्ही केलं. आता त्यांचं जे आहे ते इथेच राहील."

ओलिंपियाने रेम्बेर्तोकडे पाहिलं. त्या टेबलावर तोच एक सरकारचा माणूस होता, आणि तो आपल्या विरुद्धच असणार हे ती धरून चालली होती. रेम्बेर्तोने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"कुपी तिची आहे," तो म्हणाला. "तिने शोधलीय." मग जरा थांबून, बायकोकडे न बघता म्हणाला, "पण अत्तर म्हातारीसाठीच केलेलं होतं, एवढं मात्र खरं."

नेरेइदाला ओलिंपियाच्या मागणीने जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. अठरा वर्षं ज्याने मायामी हा शब्द घरात उच्चारू दिला नाही, तो आज फुलपाखराच्या बाजूने बोलत होता.

"दाढीच्या पात्यांनी जीभसुद्धा मऊ होते वाटतं," ती म्हणाली.

रेम्बेर्तो उठून ओसरीवर गेला. मिर्ता मावशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काका तेवढा नेरेइदाच्या बाजूला उरला, तोही बहुधा अजून मांस शिल्लक होतं म्हणून.

---

मंगळवारी नेरेइदाला लुयानोला जायचं होतं. तिथल्या एका म्हातारीकडे पंख्याच्या आकाराची हिरवी कुपी आहे अशी खबर मिळाली होती. हिरवा पंखा तिच्याकडे नव्हता. "मीपण येते," ओलिंपिया म्हणाली. दोन दिवस दोघी एकमेकींशी मीठ दे, टॉवेल कुठाय, यापलीकडे बोलल्या नव्हत्या. नेरेइदाने नाही म्हटलं नाही.

बसमध्ये लोक ओलिंपियाच्या चपलांकडे बघत होते. उतरल्यावर उन्हातून चालताना ती म्हणाली, "नेहमी अशी चालत जातेस?"

"कुप्या बसने येत नाहीत."

म्हातारीचं नाव एउलोहिया. एका खोलीचं घर, दारात तुळशीसारखी एक कुंडी, आत पांढऱ्या कापडाने झाकलेलं मेज. त्यावर पाण्याचे पेले, फुलं, एका तरुण खलाशाचा फोटो. पेल्यांच्या मधोमध हिरवा पंखा उभा होता, पाण्याने काठोकाठ भरलेला. इतका अखंड पंखा तिने कधी पाहिला नव्हता.

"बाई, ही सालसेदोची आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांची."

"असेल," एउलोहिया म्हणाली. "मला माझ्या मुलाने आणून दिली होती. पहिल्या पगारात. अत्तर संपलं. मुलगाही समुद्रात संपला. आता त्याच्यासाठी पाणी ठेवते."

ओलिंपियाने पर्समधून नायलॉनचे मोजे काढले, अजून वेष्टनात असलेले. "आजी, ह्याच्या बदल्यात…"

"मोजे छान आहेत," म्हातारीने त्यावरून हात फिरवला. "पण ह्यातनं तो पाणी पितो ना. दुसऱ्यातनं दिलं तर पीत नाही. मी करून बघितलंय. सकाळी जसंच्या तसं असतं."

नेरेइदा मेजाजवळ गेली. वाकून तिने कुपी उचलली नाही, फक्त जराशी कलती करून तळाला अंगठा लावला. शिंपला होता. मग ती म्हणाली, "हिच्या मानेला चीर जातेय, बघा इथे. बूच घट्ट लावत जाऊ नका. नुसतं वर ठेवायचं." आणि "येते" म्हणून बाहेर पडली.

ओलिंपियाने मोजे म्हातारीच्या मांडीवर ठेवले आणि बहिणीमागे धावली.

"घेतली का नाहीस? थोडं बोलली असतीस तर दिली असती तिने."

"काही कुप्या घ्यायच्या नसतात."

"का?"

"ऐकलंस ना? तो त्यातून पाणी पितो."

ओलिंपिया फुटपाथवरच थांबली. तिचे सोनेरी केस घामाने कपाळाला चिकटले होते, मुळांशी काळे दिसत होते.

"बुडून मेलेला माणूस रात्री येऊन पाणी पितो, हे तुला पटतं. आणि तुझी जिवंत आई एका वासासाठी झुरतेय, ते पटत नाही?"

नेरेइदा चालत राहिली.

"तू म्हणतेस तिने मला घेतलं," ओलिंपिया मागून बोलत होती, रस्त्यातली माणसं ऐकतायत याची पर्वा न करता. "मला घेतलं असतं तर बरं झालं असतं! मी तिच्यासमोर मोठी झाले, लग्न केलं, मोडलं, आणि ती आपली दुकानात तुझं माप शोधतेय. प्रत्येक नाताळात एक ताट जास्त. बाबांचं नाही, तुझं. बाबा येणार नाहीत हे तिला कळलं होतं. तू मात्र येशील असं वाटत होतं. तुला बाबा मिळाले, नेरी. मला कोण मिळालं, सांग ना? तुझी वाट बघणारी एक बाई मिळाली."

नेरेइदा एका भिंतीच्या सावलीत थांबली. बाबांसाठी रागावणं सोपं होतं. बाबा गेले तेव्हा समोरच्या दिग्नाकडे मायामीहून फोन आला होता, आणि नेरेइदा त्या फोनवर गेली नव्हती. त्यानंतरच्याही कुठल्याच फोनवर नाही. बाबांच्या वतीने, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण बाबांनी तर कधी राग धरलाच नव्हता. ते नुसते दोरा तपासत होते.

"पाणी पिणार?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

समोरच्या गाड्यावर उसाचा रस होता. दोघींनी एकाच पेल्यातून घेतला, कारण गाडीवाल्याकडे दुसरा पेला नव्हता. ओलिंपिया आधी प्यायली आणि तिने अर्ध्याहून जास्त रस बहिणीसाठी ठेवला.

---

निघायच्या दिवशी सकाळी ओलिंपिया पेटी बांधून बसली होती. पेटी रिकामी होती. सगळं इथेच राहिलं होतं. नेरेइदा कपाटापाशी गेली आणि तिने ती मधाच्या रंगाची कुपी खाली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"देतेस?" मिर्ता ओरडली.

"कुपी नाही देत," नेरेइदा म्हणाली. "कुपी माझी आहे. ती इथून हलणार नाही." मग ओलिंपियाकडे वळून, "वास आईचा आहे. तो घेऊन जा."

कुणालाच कळलं नाही. काकाला पहिल्यांदा कळलं. त्याने तोंडातला चिरूट काढून खिशात ठेवला.

"अंगावर?" तो म्हणाला. "पाऊण तासाचं विमान… मग गाडी… राहील. का नाही राहणार! फेर्मीनचं काम आहे. दुसऱ्या दिवशीसुद्धा उशीला यायचा."

"ये, बस," नेरेइदा ओलिंपियाला म्हणाली. "केस वर घे."

रेशमी दोरा नेरेइदाने स्वतः सोडला. तो हाताला लागताच सुटला, जणू वाटच बघत होता. पण बूच हलेना. काच काचेला धरून बसली होती. मिर्ताने ओढून पाहिलं, तेव्हा काका किंचाळला, "मोडशील! दे इकडे." त्याने कुपीची मान आपल्या दोन्ही तळव्यांत धरली आणि डोळे मिटून बसला, आजारी पाखरू धरावं तसा. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने कडेला गोडेतेलाचं बोट फिरवलं, बुचावर चमच्याने हळूच टिचकी मारली, आणि ते वळलं.

"थांबा!" रेम्बेर्तो म्हणाला. तो धावत खिडक्यांशी गेला आणि त्याने एकामागून एक झडपा लावल्या, पंखा बंद केला, ओसरीचं दार लोटून घेतलं. मग दाराला पाठ लावून उभा राहिला. "हं. आता."

नेरेइदाने बूच काढलं.

वरवरचं लिंबू केव्हाच उडून गेलेलं होतं. पण त्याखालचं सगळं होतं. आधी नुकतंच इस्त्री केलेलं, अजून गरम असलेलं सुती कापड. मग संत्र्याची फुलं, आणि अगदी तळाशी, हाक मारल्यावर मागाहून येणाऱ्या माणसासारखं, न पेटवलेल्या तंबाखूचं पान. नेरेइदा पाच वर्षांची होती आणि आई वाकून तिच्या बुटाचं बक्कल लावत होती, आईचा कान तिच्या नाकापाशी आला होता. आईच्या त्या कानाची पाळीसुद्धा तिला दिसली.

काका भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"एक थेंब," मिर्ता कुजबुजली. "आई, मला फक्त एक…"

"नाही."

तिने बोटाने नाही, कुपीच्या बुचानेच लावलं. ओलिंपियाच्या कानांमागे, मानेवर, केसांच्या मुळांशी, मनगटांवर, कोपराच्या आतल्या बाजूला. मग गळ्यातल्या रुमालावर उरलेलं सगळं, थेंब थेंब, कुपी उलटी धरून शेवटचा थेंब सुटेपर्यंत. ओलिंपिया हात जरासे अंगापासून लांब धरून, नवस फेडायला बसलेल्या बाईसारखी स्थिर बसली होती. फक्त डोळे वाहत होते.

"रडू नकोस," नेरेइदा म्हणाली. "मानेवर ओघळेल."

विमानतळावर गर्दी होती. सगळीकडे माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. मागच्या वेळी, एकसष्ट साली, जाणाऱ्यांना काचेच्या खोलीत बसवलं होतं, आणि नेरेइदा काचेच्या या बाजूला मिर्ताला कडेवर घेऊन उभी होती. आईने काचेला तळहात लावला होता. नेरेइदाने आपला हात खिशातून काढला नव्हता. या वेळी मधे काच नव्हती. ओलिंपियाने दोन्ही हात पसरले, आणि नेरेइदा एक पाऊल मागे सरली.

"नको. माझ्या अंगाला लागेल. इथेच पुसलं जाईल."

ओलिंपिया रडता रडता हसली. "मिठीही मारायची नाही?"

"तिला मार. आधी तिला. माझ्या वाटची पण."

हातभर अंतरावर दोघी उभ्या राहिल्या. मग नाव पुकारलं गेलं आणि ओलिंपिया वळली, डावा पाय जरासा बाहेर टाकत, हात अंगाला लागू न देता, दारातून आत गेली. रेम्बेर्तोने नेरेइदाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची दाढी गुळगुळीत झालेली होती.

---

तिसऱ्या दिवशी दुपारी दिग्ना आपल्या गॅलरीतून ओरडली, "नेरेइदा! मायामी आहे लाईनवर! येतेस की ठेवू?"

गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की नेरेइदा येत नाही. दिग्नाने विचारलं ते सवयीने. नेरेइदा हातातला तांदूळ परातीत टाकून उठली आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेली.

रिसीव्हरमध्ये समुद्र खळखळत होता. त्याच्या पलीकडून एक आवाज आला, बारीक झालेला, पण तोच, रागावतानाही गाणं म्हटल्यासारखा.

"कोण, नेरी?"

"हो."

"जेवलीस?"

"अजून नाही."

"वाजले किती, आणि अजून जेवली नाहीस." थोडा वेळ नुसता समुद्र. "ती दारातून आत आली ना, तर मी म्हटलं, फेर्मीन, किती उशीर केलास. डोळे मिटलेले होते ग माझे. मला खरंच वाटलं."

नेरेइदाने भिंतीला हात टेकला. दिग्ना स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिने उगाच नळ सोडला.

"तेव्हापासून तिला मी आंघोळ करू दिलेली नाही," आंपारो म्हणाली. "ओरडतेय माझ्या नावाने. कामावर जायचंय, उकडतंय, लोक काय म्हणतील. म्हटलं, म्हणू दे. माझ्या अंथरुणात झोपतेय दोन रात्री, लहानपणी झोपायची तशी."

मागून ओलिंपियाचा आवाज आला, "नेरी, सांग ना हिला काहीतरी! मला खाज सुटलीय!"

नेरेइदाला हसू फुटलं.

"आई," ती म्हणाली. हा शब्द तोंडाला इतका अनोळखी झाला होता की तो तिला पुन्हा म्हणावासा वाटला. "आई, येतोय का अजून? वास?"

"कमी कमी होतोय ग. रुमालाचा गेला. मनगटाचा काल रात्री गेला."

"मग?"

"कानामागे आहे थोडा. डाव्या."

लाईन खरखरली. लाईन जोडणारी बाई काहीतरी म्हणाली, वेळ संपत आल्याचं. मग पलीकडे खाट करकरली, कुणीतरी कुणाच्या जवळ सरकलं, आणि आईने श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लांब, सावकाश. नेरेइदाने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला.